पंधरा मीटरची केबल

"सर, तो खटखट करून राह्यलाय," कैलास फोनवर म्हणाला.

सकाळचे नऊ वाजले होते. जालन्यातल्या माझ्या दुकानाचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात मला सव्वीस वर्षं झाली. गिऱ्हाईक 'बंद पडला' म्हणालं तर मी घाबरत नाही. बंद पडलेला चालू करता येतो. पण 'खटखट' म्हटलं की मला घाम फुटतो. हार्ड डिस्कच्या आत एक बारीक दांडी असते, ती तबकडीवरून फिरत वाचत असते. तिला वाचता येईना की ती मागे जाते, परत येते, परत मागे जाते. तोच तो आवाज. डिस्क मरायला टेकली की असं होतं.

"लाल दिवे किती आहेत?"

"तीन नंबरचा लालच हाय. बंदच झाली ती. अन् आवाज एक नंबरमधून येऊन राह्यला."

"हात लावू नको. बंद तर बिलकुल करू नको. एडिटिंग चालू असेल तर थांबव. मी निघालो."

"सर, त्यात दीक्षा हाय."

"माहितीय."

"अन् तुमच्या पूजाचं..."

"तेही माहितीय. ठेव फोन."

शटर परत खाली ओढलं आणि मोटारसायकलला किक मारली.

कैलास हा लग्नाचं शूटिंग करणारा माणूस. मूळचा केदारखेड्याचा. शेती भाऊ बघतो, हा आईला आणि बायको-लेकरांना घेऊन बदनापूरला राहतो. घरातच स्टुडिओ आहे. बायको-लेकरं त्या आठवड्यात माहेरी गेली होती. खालच्या पुढच्या खोलीत त्याचा जुना कॉम्प्युटर आहे. तो तीन वर्षांपूर्वी मीच जोडून दिला होता. त्यात चार हार्ड डिस्क एकत्र बांधलेल्या. आमच्या भाषेत याला रेड म्हणतात. चार भावांनी मिळून एक धान्याचं पोतं उचलावं तसं असतं. एक भाऊ पडला तर उरलेले तिघं पोतं सांभाळतात. दुसरा पडला की पोतं खाली, सगळं धान्य मातीत.

जोडून दिला त्या दिवशी मी कैलासला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "एक डिस्क गेली तरी तुझं काही जात नाही." दुसरी गेली तर काय, हे सांगितलं नव्हतं. चहा घेतला आणि निघालो. कैलासनं त्यातलं 'काही जात नाही' एवढंच लक्षात ठेवलं. दुसरी कॉपी कुठेच ठेवली नाही. कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुढच्या लग्नाला वापरली. चूक त्याची म्हणता येईल. मला म्हणता येत नव्हतं, कारण त्याला बेफिकीर मीच केलं होतं.

त्या चार डिस्कवर चार कामं होती. दोन लग्नं, अजून एडिट न झालेली. एक कुंभार पिंपळगावच्या जैन घरातल्या मुलीची दीक्षा. आणि चौथं माझ्या थोरल्या पोरीचं, पूजाचं लग्न. चार महिने झाले होते. कैलास भेटला की म्हणायचा, "सर, सीझन उरकला की तुमचंच घेतो." मी म्हणायचो, "घे रे निवांत." घरच्या लग्नाची एक कॉपी मागून घ्यावी, एवढंही मला सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बदनापूरला पोचलो तेव्हा कैलास दारातच उभा होता. तोंड उतरलेलं. आत गेलो, खाली वाकून कान लावला. एक नंबरची डिस्क चालत होती, मध्येच खट्ट करत होती, पुन्हा चालत होती. तीन नंबर थंडगार.

"नवी डिस्क टाकून द्या ना तीन नंबरला. मी मागवून ठेवलेली हाय."

"नवी टाकली की बाकीच्या तिघींना सगळं पहिल्यापासून वाचून तिच्यात भरावं लागतं. एक नंबर त्या मेहनतीतच जाईल. आधी माल बाहेर काढायचा, मग दुरुस्ती."

"मंग काढा. वर नवा कॉम्प्युटर हायच."

ते मात्र बराबर होतं. वरच्या खोलीत त्यानं नवा कॉम्प्युटर घेतला होता. भरपूर जागा, वेगवान एसएसडी. खालचा आणि वरचा कॉम्प्युटर थेट एकमेकांना जोडायचे, मध्ये राउटर नाही, स्विच नाही, असं काम त्यानं मला दिलं होतं. साधी नेटवर्कची वायर असली तर वेग कमी पडतो. म्हणून मी दोन्हीकडे मोठ्या वेगाची नेटवर्क कार्डं आठवड्यापूर्वी बसवली होती. आणलेली केबल जिन्यापर्यंतच पुरली, म्हणून पंधरा मीटरची फायबर केबल मागवली. फायबर म्हणजे आत तांब्याऐवजी काचेचा तंतू, आणि विजेऐवजी प्रकाश. ती कुरियरनं आदल्या दिवशीच कैलासकडे आली होती.

मी मनात हिशोब मांडला. नवा कॉम्प्युटर खाली आणून साध्या वायरनं जोडला, तर दहा तासांच्या वर. फायबरनं साडेतीन-चार तास. एक नंबर दहा तास जगेल असं मला वाटत नव्हतं. चार तास जगेल असंही वाटत नव्हतं, पण ते मी बोललो नाही.

"केबल कुठंय?"

"मायनं देवघरात ठेवली. आणतो."

केबल आली. पाकीट फोडलेलं होतं, पण केबलचा वेढा तसाच, दोन्ही टोकांना प्लास्टिकची टोपणं बसवलेली. मी वेढा सोडवला, जिन्याच्या खिडकीतून खाली सोडला, कुठे मुरड पडणार नाही असं बघत कडेकडेनं आणला. खटखट दर दोन-तीन मिनिटांनी ऐकू येत होती.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. पांढरी साडी, हातात जपमाळ, साठीच्या आतबाहेरच्या बाई उतरल्या. कैलासनं डोक्याला हात लावला.

"काकी आल्या. आज त्यांना बोलावलं होतं सर. फिल्ममधी काय घ्यायचं ते दाखवायला. फोन करायचं सुचलंच न्हाई."

त्या विमलाबाई. दीक्षा घेतलेल्या मुलीच्या आई. पिंपळगावला त्यांचं कापडाचं दुकान आहे, पिढ्यांपासूनचं. बोलणं आपल्यासारखंच, मधेमधे मारवाडी हेल. कैलासच्या आईनं त्यांना खुर्ची दिली, चहा विचारला.

"न्हाई बाई, आज एकासणा हाय माझा. दिवसातून एकदाच बसते जेवायला. तुमी घ्या." मग कैलासकडे बघून म्हणाल्या, "काय झालं रे? सगळ्यांची तोंडं अशी का?"

कैलास माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं. डॉक्टर लोक हे कसं सांगतात, देव जाणे. शेवटी मीच सांगितलं. डिस्क खराब झाली, निम्मीअर्धी जिवंत आहे, आम्ही काढायचा प्रयत्न करतोय. मिळेल असं सांगता येत नाही. मिळणार नाही असंही नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. माळ मुठीत धरली आणि मला विचारलं, "तुमचं नाव काय भाऊ?" मी सांगितलं. "बघा भाऊ, मला सगळी फिल्म न्हाई मिळाली तरी चालंल. वरघोड्याची मिरवणूक, बँड, पाव्हणे, ते लोकांच्या मोबाईलमधी हाय. पण त्या दिवशी सकाळी घरून निघताना ती मला 'मम्मी' म्हटली. ते फक्त ह्याच्याच कॅमेऱ्यात हाय. आता ती महाराज झाली. पायी फिरते, फोन न्हाई. दर्शनाला गेले तर मीच तिला वंदना करते. ती मला आता मम्मी म्हणणार न्हाई. तिनं म्हणायचंच न्हाई."

हे ऐकल्यावर माझी भीती दुप्पट झाली, हे कबूल करतो. तोवर मी डिस्क वाचवत होतो.

आता क्रम ठरवायचा होता. डिस्क मध्येच गेली तर जे आधी काढलं तेच हाती राहणार. कैलास मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, आधी पूजाताईचं घेऊ. तुमी सोता इथं आलेत, कोण काय म्हणंल?"

मी 'हो' म्हणणार होतो. खोटं कशाला सांगू, शब्द ओठावर आला होता. बायको रोज विचारायची, कॅसेट कधी येणार म्हणून. तिच्या तोंडी अजून कॅसेटच आहे. पण पूजा पुण्यात असते. रोज संध्याकाळी फोन येतो, पप्पा गोळी घेतली का म्हणून. मी म्हणालो, "आधी दीक्षा. मग गिऱ्हाइकांची दोन्ही लग्नं. घरचं शेवटी."

"सर..."

"दुकानाचा नियम आहे तो. चल, वर जा."

टोपणं काढली. एक टोक खालच्या कार्डात, एक वरच्या. दोन्हीकडे हिरवे दिवे लागले. जीव जरा भांड्यात पडला. मध्ये राउटर नसला की कॉम्प्युटरना आयपी पत्ते कोणी वाटत नाही, ते आपणच हातानं द्यावे लागतात. खालच्याला एक पत्ता दिला, वरच्याला त्याच्या शेजारचा. वरच्यावर एक फोल्डर उघडा करून ठेवला. पावणेअकराला दीक्षेची कॉपी सुरू केली.

वेग चांगला मिळाला. कैलास जिन्यातून ओरडून आकडे सांगत होता. मी खाली डिस्कजवळ बसून होतो. विमलाबाई खुर्चीत, डोळे मिटून, ओठ हलत होते. कैलासची आई उंबऱ्यात.

सातव्या मिनिटाला कॉपी थांबली.

खट्ट. खट्ट. मग शांत.

"सर, अटकलं!" वरून आवाज.

मी डिस्कच्या दिव्याकडे बघितलं. हिरवा, पण लुकलुकणं बंद. म्हणजे वाचणं थांबलं. दोन मिनिटं वाट बघितली. कॉपी पुन्हा आपोआप सुरू झाली, अर्धा मिनिट चालली, पुन्हा थांबली. पडद्यावर एररची चौकट आली. कैलासनं खाली धावत येऊन, घाबरून ती न वाचताच बंद केली. मी म्हणालो पुन्हा लाव. पुन्हा तेच.

"गेलं का भाऊ?" विमलाबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"बघतो काकी."

यापुढची पाऊण तासाची हकिगत सांगायला मला लाज वाटते. माझ्या डोक्यात एकच होतं, एक नंबर डिस्क मेली. सगळं तिथंच बघत बसलो. डिस्कची वायर हळूच दाबून बघितली. पंखा आणून तिच्यावर वारा धरला. छोट्या-छोट्या फायली करून पाठवायचा प्रयत्न केला. एक जायची, दुसरी अडकायची. प्रत्येक अडकण्याला मी मनात म्हणायचो, संपलं. कैलास अंगणात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. थोड्या वेळानं आत आला तेव्हा डोळे लाल होते. "सर, काय सांगू मी ह्यांना? अख्ख्या पिंपळगावात तोंड दाखवायला जागा राह्यची न्हाई." मला माझं तोंड कुठे दाखवायचं ते कळत नव्हतं. 'एक डिस्क गेली तरी तुझं काही जात नाही,' हे माझंच वाक्य कानात घुमत होतं.

कैलासची आई चहा घेऊन आली. मी नको म्हणालो. "घ्या हो, घशाला कोरड पडली तुमच्या," असं म्हणून तिनं कप हातात दिला. चहा घेण्यापुरता मी मान वर केली, आणि कॉम्प्युटरकडे जरा लांबून बघितलं. एररची चौकट पुन्हा आलेली होती. या वेळी ती वाचली.

त्यात लिहिलं होतं की नेटवर्कची जागा सापडत नाही. डिस्क वाचता येत नाही, असं कुठंच नव्हतं.

मी कप खाली ठेवला. डिस्कवरची एक फायल खालच्या खालीच, दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी केली. सरळ झाली. डिस्क आजारी होती, खट्ट करत होती, पण वाचत होती. वाचणं थांबत होतं ते पुढे माल घेणारं कोणी नसायचं म्हणून. अडचण रस्त्यात होती.

वर धावलो. कार्डावरचा हिरवा दिवा बघत उभा राहिलो. लागला. गेला. लागला. चार सेकंद राहिला, गेला.

कैलासला खालचं टोक काढायला लावलं. फायबरमधून येणारा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळा खराब करू शकतो. म्हणून दुसरं टोक मोकळं केल्याशिवाय कोणी टोकात बघू नये. मग वरचं टोक काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. टोकाला तांदळाच्या कणीएवढे दोन पांढरे मणी असतात, त्यांच्या मधोमध तो काचेचा तंतू. प्रकाश जायचा रस्ता केसाहून बारीक. धुळीचा एक कण तिथं बसला तरी दार लागल्यासारखं होतं.

दोन्ही मणी लाल होते.

मला आधी काही कळेचना. बोटाला लागलेलं अंगठ्यानं घासून बघितलं. खाली येऊन दुसरं टोक बघितलं. तिथंही लाल, आणि थोडं पिवळं. मी कैलासच्या आईकडे बघितलं.

"माय, केबलला कुंकू लावलं का तुम्ही?"

"मंग?" तिला प्रश्नच कळला नाही. "नवी वस्तू घरात आली. कैलास म्हणला, लई महत्त्वाची हाय. कोरी कशी ठेवू? हळद-कुंकू लावलं, रातभर देवापुढं ठेवली."

"पण टोपणाच्या आत?"

"टोपणाला काय लावायचं? ते फेकूनच देतेत ना. टोपण काढलं, दोन्ही तोंडाला बोट लावलं, परत बराबर बसवून ठेवलं."

कैलासचा तोल गेला. "माय! कळतं का तुला काही? पाऊण तास झाला आमी इथं मरून राह्यलो! कशाला हात लावती तू प्रत्येक गोष्टीला?"

ती बाई भिंतीला सरकली. "मला काय ठाव बाप्पा," एवढंच म्हणाली.

विमलाबाईंनी माळ थांबवली. "तिच्यावर ओरडू नको रे. केबल माझ्या घरी आली असती तर मी बी कुंकवाचं साथिया, आपलं स्वस्तिक काढलं असतं."

मला तिच्यावर चिडायला तोंड नव्हतं. फायबरचं टोक जोडण्याआधी पुसायचं, नवं असलं तरी पुसायचं, हा या कामातला पहिला धडा. पाकीट फोडलेलं मला दिसलं होतं. पुसायचं द्रव आणि कापड माझ्या बॅगेत होतं. खटखट ऐकून मी ते बाहेर काढलंच नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

दोन्ही टोकं पुसली, तीनतीनदा. कार्डाच्या तोंडातही कुंकू गेलेलं. तिथं हवेच्या पंपानं फुंकलं, बारीक काडीनं पुसलं. पुन्हा जोडलं. दिवा लागला. मी दोन मिनिटं त्याच्याकडे टक लावून बसलो. हलला नाही.

अकरा-चाळीसला कॉपी पुन्हा सुरू झाली.

डिस्क खट्ट करायची आणि चौघांच्याही माना तिकडे वळायच्या. एकदा लाइट डोळा मारल्यासारखी गेली आणि आली. यूपीएसनं धरलं, पण कैलासनं तेवढ्यात "आई गं" म्हणून भिंत पकडली. साडेबाराला वरून आवाज आला, "सर, दीक्षा आली! पुरी आली!"

विमलाबाईंना जिना चढवत नव्हता, तरी त्या चढल्या. मधे दोनदा थांबल्या. कैलासनं वरच्या कॉम्प्युटरवर ती फायल शोधून लावली. मीही दारात उभा राहून बघितलं.

पिंपळगावच्या घरासमोर सजवलेली गाडी. केशरी शालू, दागिन्यांनी मढलेली बावीस-तेवीस वर्षांची पोरगी. बायका गाणी म्हणतायत. ती उंबऱ्याबाहेर येते, पायाकडे बघते आणि सवयीनं मागे वळून म्हणते, "मम्मी, माझी चप्पल?" कॅमेऱ्याच्या कडेला विमलाबाई दिसतात, वाकून चपलांच्या ढिगात शोधतायत. मग पोरीलाच आठवतं की आता ती लागणार नाही. ती हसते. आई अजून शोधतेच आहे.

खोलीतल्या विमलाबाई पुढे झुकून बघत होत्या. "अजून एकदा लाव," म्हणाल्या. कैलासनं लावलं. "बस," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. हात जोडले. मी त्यांचे हात खाली केले, कारण ते मला पेलवेनात.

"भाऊ, तुमचं बी काही होतं ना ह्यात? तो मघाशी सांगत होता."

"हो. येतंय. मागे आहे लाइनीत."

त्या लगेच गेल्या नाहीत. खाली येऊन पुन्हा खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, तुमचं येईपर्यंत बसते. एकासण्याला बसायची वेळ टळली तरी त्या हलल्या नाहीत.

पहिलं लग्न आलं. दुसरं लग्न यायला अडीच वाजून गेले. दोन-पस्तीसला पूजाचं फोल्डर सुरू झालं. अंदाज दाखवत होता, चाळीस मिनिटं. मी डिस्कवर हात ठेवून बसलो होतो. वेडेपणा आहे, कळतं मला. डिस्कला तापलेल्या लेकरासारखं धरून काही होत नाही. पण ठेवला होता.

चार मिनिटं झाली असतील. हाताखाली एक खट्ट झाली, मग दुसरी, मग ओरखडल्यासारखा लांब आवाज, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. आणि हाताखालचं ते बारीक हादरणं थांबलं. पडद्यावरून डिस्कचा सगळा संच एकदम दिसेनासा झाला.

कैलास जिना उतरून आला आणि शेवटच्या पायरीवर बसला.

"किती आलं?" मी विचारलं.

"हळदीचं थोडं. तासभराचं. लग्नाच्या दिवशीचं काहीच न्हाई सर."

मग तो उठून माझ्या पायाशी वाकायला लागला. मी त्याला दंडाला धरून उभा केला. "उगं. काही करू नको. डिस्क काढून दे, मी पाठवून बघतो." पाठवलीही नंतर. पुण्याला एक लॅब आहे, मेलेल्या डिस्क उघडून बघते. त्यांनी उघडून बघितली. तबकडीवर चरे पडलेत म्हणाले, काही निघणार नाही.

विमलाबाई निघताना दारात थांबल्या. कैलासच्या आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत बसल्या. कैलास मला मोटारसायकलपर्यंत सोडायला आला. "सर, तुमचं चाळीस मिनिटांनी हुकलं, हे मायला नका सांगू. तिला वाटंल तिच्याच्यानं तुमचं गेलं."

"नाही सांगत."

परतीच्या रस्त्यावर डोकं एकच हिशोब करत होतं. पाऊण तास वाया गेला. आमच्या फोल्डरला हवी होती चाळीस मिनिटं. जालना येईपर्यंत मी हा हिशोब वीस वेळा केला असेल, उत्तर तेच. आणि आता वेगळीच भीती सुरू झाली होती. मंगलला काय सांगू? मंगल म्हणजे माझी बायको. दिवसभर डिस्कला भ्यालो होतो, ती भीती फिकी वाटावी अशी ही. दुकानासमोरून गेलो, शटर उघडलं नाही. घरासमोर गाडी लावून पाच मिनिटं तशीच सीटवर बसलो. आमचं लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, पण घरात जायला इतका कधी टरकलो नव्हतो.

ती भाजी निवडत होती. मी सरळ सांगून टाकलं. पूजाच्या लग्नाचा व्हिडिओ गेला. हळदीचा तासभर आहे. बाकी नाही.

तिचे हात थांबले. "सगळं?"

"सगळं. फोटो आहेत. अल्बम आहे."

"अल्बममधी माझी आई बोलत न्हाई," ती म्हणाली. तिच्या आईला, माझ्या सासूबाईंना, लग्नानंतर महिन्यातच अर्धांगवायू झाला. तेव्हापासून त्यांची वाचा गेली. मंडपात त्यांनी मंगलाष्टकं म्हटली होती, माईक हातात घेऊन, खणखणीत. हे मी विसरलो होतो असं नाही. दिवसभर त्याच्याकडे बघायचं टाळलं होतं.

तिनं पुन्हा एक काडी निवडली. मग विचारलं, "दुसऱ्यांचं निघालं का?"

"निघालं. त्या बाईंचं सगळं निघालं."

"मंग आपलंच कसं राह्यलं?"

मी सांगायला लागलो. डिस्क, क्रम, फायबर. तिला यातलं निम्मं कळतं, इतकी वर्षं ऐकतेय. कुंकवापाशी आलो तेव्हा माझा आवाज जरा चढला. "कैलासच्या आईनं केबलच्या टोकाला कुंकू लावून ठेवलं, सांग आता! त्यात पाऊण तास गेला. नाहीतर..."

"ती लावणारच," मंगल म्हणाली. "तुमच्या नव्या दुकानातल्या पहिल्या कॉम्प्युटरला मी न्हाई का लावलं? तुमीच फोटो काढला होता." मेथीची जुडी तिनं बाजूला सारली आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "ते टोक पुसायचं काम कोणाचं असतंय?"

"माझं," मी म्हणालो.

ती उठून आत गेली. आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दुसरी डिस्क गेली तर काय, ते आधी सांगतो. नव्या केबलचं टोक पाकीट बंद असलं तरी पुसतो. गिऱ्हाईक विचारतं, एवढं नवंकोरं कशाला पुसता? मी म्हणतो, सवय आहे.